कर्वेनगरहून निघून नऊच्या आत घरी: पुण्याजवळचे निवांत सायकल-रस्ते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन महिन्यांपूर्वी रोड बाईक घेतली, घर कर्वेनगरला, रविवारी चाळीस-पन्नास आणि आठवड्यात दोनदा वीस-पंचवीस किलोमीटर करायचे आहेत. पण बायपासच्या सेवा रस्त्यावर एका डंपरने इतक्या जवळून कट मारला की तेव्हापासून सायकल बाल्कनीत उभी आहे. तर पुण्यात किंवा आसपास ट्रॅफिक नसलेला रस्ता आहे का, गाडीत सायकल टाकून पानशेतला जाणं हा एकच उपाय आहे का, आणि एकट्याने जावं की ग्रुपने?

पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकते. नाही. गेली सतरा वर्षं मी पुण्याभोवती सायकल चालवते, त्यातली नऊ-दहा वर्षं दर रविवारी चार-पाच जणांना सोबत नेते, आणि एकही गाडी नसलेला डांबरी रस्ता मला अजून सापडलेला नाही. ज्या वाटेने गाड्या जात नाहीत तिथे डांबर टाकायला कोणी येत नाही. पण तुम्हाला तरी एकही गाडी नको आहे असं मला वाटत नाही. तुम्हाला हवंय ते एवढंच, की तासभर तरी कान मागे न लावता पेडल मारता यावं. हे पुण्यात अजूनही मिळतं. त्यासाठी नकाशापेक्षा घड्याळ जास्त बघावं लागतं.

नवीन माणूस विचारतो, ‘कुठे जाऊ?’ माझा उलट प्रश्न असतो, ‘परत किती वाजता येणार?’ सकाळी सहाला शहराबाहेर पडायला पुण्यातला जवळपास कुठलाही रस्ता चालतो. अगदी सिंहगड रस्तासुद्धा. फजिती होते ती परतताना. साडेआठ-नऊला तुम्ही दमलेले असता, पाणी संपलेलं असतं, लक्ष घरच्या पोह्यांवर असतं, आणि नेमकं तेव्हा अख्खं पुणे सहकुटुंब धरणाकडे निघालेलं असतं. माझे स्वतःचे थोडक्यात हुकलेले बहुतेक अपघात शेवटच्या सहा-सात किलोमीटरमधले आहेत. म्हणून रविवारची फेरी मी उलटीकडून आखते. नऊला घरात, म्हणजे सव्वाआठला शहराच्या वेशीवर, म्हणजे सव्वासातला वळायचं. मग त्या वेळेपर्यंत कुठवर पोहोचता येतं तो त्या दिवशीचा रस्ता. धरण दिसो की न दिसो, वेळ झाली की वळायचं. सुरुवातीला हे फार जिवावर येतं.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. पुढचं सगळं कर्वेनगर, वारजे, कोथरूड धरून लिहिते आहे. हडपसरच्या माणसाला यातला निम्मा सल्ला निरुपयोगी, कारण आमच्याकडच्या रस्त्यावर पोहोचण्यासाठीच त्याला पंधरा किलोमीटर शहर कापावं लागेल. ऋतूनेही फरक पडतो: जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या पुढे उगवतो, जूनच्या सुरुवातीला सहाच्या आत. एकाच रस्त्याला उन्हाळ्यात तुम्हाला तासभर जास्त उजेड मिळतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे सायकल सरळ रेषेत धरण्याचा तुमचा हात. मागे वळून पाहताना चाक वितभर उजवीकडे जात असेल, तर कुठलाही रस्ता तुमच्यासाठी अजून निवांत नाही. सोसायटीच्या पार्किंगमधल्या पांढऱ्या पट्टीवर दहा मिनिटं सराव करा. शेजारी हसतील, हसू द्या.

एक गैरसमज आधीच काढते. रिकामा रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता असं बहुतेकांना वाटतं, म्हणून लोक पहाटे साडेचार-पाचला निघतात. मी नाही निघत. शहरात गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असते, त्यामुळे डंपर, हायवा (मोठे टिपर) आणि काँक्रीटचे मिक्सर रात्री आणि पहाटे आपल्या फेऱ्या उरकून घेतात. त्या वेळी रस्त्यावर गाड्या मोजक्या असतात, पण ज्या असतात त्या सुसाट, आणि चालवणारा रात्रभर जागा असतो. रविवारी पहाटे त्यात शनिवारची रात्र संपवून घरी निघालेल्यांची भर. तुम्हाला कट मारणारा डंपर बहुधा अशाच वेळेचा असावा. माझा नियम सोपा आहे: सूर्योदयाच्या वीस मिनिटं आधी घर सोडायचं. पहिले तीन-चार किलोमीटर दिव्याखालचे शहरातले, आणि दिवे संपतात तिथे पोहोचेपर्यंत खड्डा दिसण्याइतकं उजाडलेलं.

बायपासबद्दल एवढंच: तो ओलांडायचा, त्याच्या कडेने जायचं नाही. सेवा रस्ता नावाला वेगळा असतो. मुख्य रस्त्यावरून उतरणारी गाडी त्याच वेगात तुमच्या अंगावर येते. कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार तर विसरूनच जा. आणि एक्स्प्रेस वेला सायकलला मुळात परवानगीच नाही. हे सांगावं लागतं, कारण दर वर्षी कोणीतरी विचारतंच.

तुमच्या घरापासून पहिली पसंती मी देईन ती कुडज्याच्या रस्त्याला. वारज्यात बायपासच्या पुलाखालून माळवाडीकडे जायचं, पुढे शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे, आणि मग एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, हद्दीला धरून कुडजे. पुढे मांडवी, बहुली, सांगरुण अशी गावं येतात. शिवणे-उत्तमनगरचा पट्टा अरुंद आणि दुकानांचा. पण रविवारी सव्वासहाला तिथे दूधवाले आणि भाजीचे टेम्पो सोडले तर कोणी नसतं. कोंढवे मागे पडलं की झाडी लागते आणि आवाज एकदम बदलतो. साखळीची कुरकुर स्वतःची स्वतःला ऐकू येऊ लागली की समजायचं, शहर संपलं. पावसाळ्याच्या तोंडावर या टप्प्यात मोर ओरडत असतात. रस्ता चढ-उताराचा आहे, सपाट नाही, पण कुठलाच चढ जीव काढणारा नाही.

हा रस्ता निवांत का, तर तो कुठेच जात नाही म्हणून. म्हणजे जातो, पण पर्यटकाला हवं ते त्याच्या शेवटी नाही: ना किल्ला, ना चौपाटी, ना भजी. खडकवासल्याचं पाणी डाव्या हाताला अधूनमधून दिसत राहतं आणि पलीकडच्या काठावर पानशेत रस्त्याच्या गाड्या मुंग्यांसारख्या सरकताना दिसतात. त्या बाजूला रांग लागलेली असताना आपण या बाजूला एकटे, हे बघायला मला अजूनही मजा येते. सांगरुणजवळ मुठा, आंबी आणि मोसे या तीन नद्या एकत्र येतात. तिघींवर वर टेमघर, पानशेत आणि वरसगाव ही धरणं आहेत आणि तिघींचं पाणी खाली खडकवासल्यात. तुमच्या बाटलीतलं पाणी कुठून आलं ते तिथे उभं राहिलं की कळतं. सांगरुणपर्यंत जाऊन परत म्हणजे पंचेचाळीस-पन्नासच्या घरात. तुमचा रविवार तेवढाच आहे. पहिल्या वेळी मात्र कुडज्यातूनच वळा.

दोन सावधगिऱ्या. हा भाग लष्करी हद्दीला लागून आहे. चौकीवर विचारलं तर थांबून नीट उत्तर द्या, कोणी परत फिरायला सांगितलं तर वाद घालू नका, आणि भिंती-गेटांचे फोटो काढू नका. दुसरं, वाटेत सायकलचं काही मिळणार नाही. दोन ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या जवळ पाहिजेतच, आणि पंक्चर काढायची सवय घरी पंख्याखाली बसून आधी केलेली पाहिजे.

दुसरी पसंती खडकवासला-पानशेत. इथे लोक एक चूक करतात, राजाराम पुलावरून अख्खा सिंहगड रस्ता चालवत जातात: धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी, सगळे सिग्नल आणि सगळ्या बस. तुम्हाला त्याची गरजच नाही. शिवण्याहून नदीवरच्या पुलाने नांदेडच्या बाजूला उतरा, म्हणजे त्या रस्त्याचा सगळ्यात वाईट भाग टळतो. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला असेल तर निघण्याआधी तो पूल चालू आहे का एवढं विचारून घ्या.

धरणापासून पुढे डोणजेपर्यंत रविवारी गाड्या असतातच. पण डोणज्यात सिंहगडाची वाट डावीकडे सुटते आणि नव्वद टक्के पुणेकर तिकडे वळतात. वळलेल्यांचे आभार मानून तुम्ही सरळ जायचं. खानापूर, मालखेड, सोनापूर, रुळे, पुढे पानशेत. पाणी आता उजव्या हाताला. मालखेडच्या आसपास वळलात तर पन्नासच्या आगेमागे होतात, पानशेतला जाऊन परत म्हणजे पाऊणशे-ऐंशी. हा रस्ता साडेसातपर्यंत सोन्यासारखा असतो. साडेआठला रिसॉर्टवाल्यांच्या गाड्या सुरू होतात, आणि त्या गाड्यांमधल्या लोकांना चेक-इनच्या आधी पोहोचायचं असतं की काय कोण जाणे, वळणावर ओव्हरटेक करतात. बारा जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि खालचं खडकवासलाही गेलं, तेव्हाच्या आठवणी सांगणारे म्हातारे या गावांमधून अजून भेटतात. चहाला थांबलात तर विचारा. पण वळायची वेळ चुकवून नको.

मग सिंहगड? गोळेवाडीच्या नाक्यापासून वर साधारण नऊ किलोमीटर आणि सहाशे मीटरच्या आसपास चढ, हा पुण्यातल्या सायकलवाल्यांचा शाळेचा वर्ग आहे. चढताना तो वाईट नाही, कारण तुमचा वेग आठ-नऊचा असतो आणि गाड्याही दुसऱ्या गिअरमध्ये असतात. उतरताना मात्र एकेरीच्या जेमतेम दुप्पट रुंदीचा रस्ता, वर येणाऱ्या जीपा, मधूनच चालणारे लोक आणि वळणावर सांडलेली खडी. आणि पावसाळ्यात दरडी पडतात म्हणून घाट कधीकधी बंदही ठेवतात. तीन महिन्यांच्या सायकलवर मी तुम्हाला या घाटात रविवारी पाठवणार नाही. एखाद्या मंगळवारी सुट्टी काढून जा. रविवारी साडेआठनंतर तर कोणी फुकट पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही दिलं तरी मी जाणार नाही.

भूगाव-पिरंगुट-पौड रस्ता आणि सूस-नांदे-चांदे हे दोन मुद्दाम वेगळे काढते, कारण जुने लोक तुम्हाला तेच सुचवतील. दहा-बारा वर्षांपूर्वी मीही सुचवले असते. सूस खिंड ओलांडली की नांदे-चांदेकडे भातखाचरं सुरू व्हायची. आज तिथे इमारती उठताहेत, आणि इमारत उठते तिथे मिक्सर आणि हायवा येतातच. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२मध्ये पाडला, पुढच्या वर्षी नवे पूल-रॅम्प सुरू झाले. गाड्यांची सोय झाली, पण सायकलवरून त्या गुंत्यात चुकीच्या फाट्याला लागलात की थेट महामार्गावर. पिरंगुटला एमआयडीसी आहे, म्हणजे कामाच्या दिवशी शिफ्टच्या बस आणि कंटेनर. रविवारी अगदी सकाळी पौडपर्यंत ठीक. पौडहून कोळवण, तिकोना, पवनानगर ही बाजू अप्रतिम आहे, पण ती सायकल गाडीत टाकून पौडला नेणाऱ्यांसाठी. ताम्हिणी पावसाळी शनिवार-रविवारी सायकलने करू नका. धबधब्याखाली नाचणाऱ्यांच्या गाड्या दोन्ही कडांना उभ्या असतात आणि मध्ये उरतो तो बोळ.

एक विचित्र वाटेल अशी गोष्ट सांगते. रस्ता जितका चांगला, तितका माझा संशय वाढतो. जानेवारी २०२६मधल्या पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीसाठी जिल्ह्यातले बरेच रस्ते नव्याने गुळगुळीत झाले. चाकाखाली लोणी! पण ते लोणी गाड्यांच्याही चाकाखाली असतं. पूर्वी जिथे खड्ड्यांमुळे कोणी चाळीसच्या वर जात नसे, तिथे ऐंशीने जातात. अरुंद, थोडा उखडलेला गावरस्ता सायकलवाल्याचा मित्र असतो, फक्त त्याला साजेसे टायर हवेत. तुमच्या सायकलला पंचवीस मिलिमीटर रुंदीचे टायर असतील आणि फ्रेममध्ये जागा असेल, तर अठ्ठावीसचे किंवा बत्तीसचे घाला आणि हवा थोडी कमी ठेवा. सत्तर किलोच्या माणसाला अठ्ठावीसच्या टायरमध्ये सत्तर-पंचाहत्तर पीएसआय (पंपावर दिसणारा हवेच्या दाबाचा आकडा) पुरे. शंभर-एकशेदहा भरून दात खिळखिळे करून घेण्यात अर्थ नाही.

काँक्रीटच्या रस्त्याची कड मात्र मित्र नाही. काँक्रीट संपतं तिथे साइडपट्टी चार-सहा बोटं खाली असते, मुरूम वाहून गेलेला असतो. सहा वर्षांपूर्वी मागून एका टेम्पोने हॉर्न दाबून धरला, मी दचकून डावीकडे खाली उतरले, आणि लगेच वर चढायला गेले. पुढचं चाक त्या कडेला तिरकं घासत राहिलं, चढलंच नाही, आणि मी उजव्या अंगावर रस्त्यात. टेम्पो तोवर पुढे गेला होता, नाहीतर हे लिहायला मी नसते. मनगटाचं हाड, सहा आठवडे प्लास्टर. तेव्हापासून मी कडेला चिकटून जात नाही. कडेपासून हातभर आत चालवते. त्याने गाडीवाल्याला मागे थोडं थांबावं लागतं, आणि थांबलेला गाडीवाला नीट बघून ओलांडतो. कडेला चिकटलात की तो न थांबता, तुमच्या कोपराला वारा घालत जातो. आणि चुकून खाली उतरलातच तर उतरलेलेच राहा. वेग कमी करा, पाय टेका, मग उचलून वर या.

आता ऊन. पुण्याचे चांगले रस्ते बहुतेक पश्चिमेला, सह्याद्रीकडे. सकाळी जाताना सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्याही पाठीशी, त्यामुळे तुम्ही त्याला लख्ख दिसता. परतताना सगळं उलटं. साडेसात ते साडेआठ तुम्ही पूर्वेला, सूर्य समोर आणि खाली, आणि मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत तोच सूर्य. धुळीने माखलेल्या काचेतून त्याला तुम्ही एक काळी रेघ दिसता, कधीकधी तीही नाही. म्हणून मागचा लाल दिवा परतीच्या वेळी लावायचा असतो, आणि लोक नेमके उजाडल्यावर तो बंद करून बॅटरी वाचवतात. पिवळाधमक टी-शर्टही समोरच्या उन्हात काही कामाचा नाही. लुकलुकणारा दिवा कामाचा. पावसाळ्याच्या आगेमागे वारा पश्चिमेचा असतो, म्हणजे जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. ती एक मेहेरबानी.

रस्ता निवांत आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. माझी पद्धत साधी आहे: दहा मिनिटांत मागून येऊन मला ओलांडणारी वाहनं मोजायची, समोरून येणारी नाहीत. दहाच्या आत असली तर उत्तम, वीसपर्यंत चालेल, तीसच्या वर गेली की त्या वेळेला तो रस्ता माझ्या यादीतून बाद. चहाला थांबले की वहीत टिपते. एक नोंद अशी आहे: ‘कुडजे, रविवार, ६.४० ते ६.५०: चार. त्यातल्या दोन दूधवाल्यांच्या मोटारसायकली.’ त्याच पानावर खाली: ‘परत येताना शिवणे, ८.३५ ते ८.४५: मोजायचं सोडून दिलं.’ एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर. त्या दिवशी आमच्यातल्या एकाला मिसळ खायची होती, म्हणून पाऊण तास उशीर झाला होता. तेव्हापासून आमची मिसळ शहरात परत आल्यावर, आणि तीही सायकल घरी लावून.

आठवड्यातल्या दोन दिवसांचं उत्तर कमी आनंदाचं आहे. कामाच्या दिवशी शाळेच्या व्हॅन पावणेसातलाच सुरू होतात, आणि व्हॅनवाल्यापेक्षा घाईत असलेला माणूस मी पाहिलेला नाही. उन्हाळ्यात सहाच्या आत उजाडू लागतं, तेव्हा कोंढवे-धावड्यापर्यंत जाऊन परत, साधारण वीस किलोमीटर, सातच्या आत आरामात बसतं. हिवाळ्यात ते बसत नाही, आणि अंधारात त्या रस्त्यावर जाऊ नका. तेव्हा एक दिवस घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) पाऊण तास, आणि एक दिवस जवळचा एखादा एक-दीड किलोमीटरचा शांत अंतर्गत रस्ता धरून फेऱ्या. कंटाळवाणं आहे, मान्य. शहरातल्या सायकल ट्रॅकची आशा धरू नका. २०१७मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला, त्याच सुमारास भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या आणि गेल्याही. ट्रॅकवर आज पेव्हर ब्लॉक, खांब आणि उभ्या स्कूटर आहेत. रोड बाईकच्या बारीक टायरला ते झेपत नाही.

पहाटेच्या कुत्र्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. ती सायकलच्या वेगामागे लागतात, तुमच्यामागे नाही. जोरात पळवू नका. हळू व्हा, ‘हाड’ म्हणून खणखणीत ओरडा, नाहीच ऐकलं तर उतरून सायकल मध्ये धरून चाला. दहा पावलांत त्यांना कंटाळा येतो. ओरडण्याचा आवाज मात्र आतून आला पाहिजे. पुणेकरांचा तो सौजन्याचा सूर कुत्र्यांना चालत नाही.

गाडीत सायकल टाकून जाण्यात कमीपणा काहीच नाही. पुढचं चाक काढलं की हॅचबॅकच्या मागच्या सीटवर सायकल बसते. खाली जुनी चादर घाला आणि सायकल साखळीची बाजू वर करून ठेवा. पण त्यात एक मेख आहे. ज्या गाड्यांचा त्रास होतो म्हणून आपण पळतो, त्यात आपली एक भर पडते, आणि परतीची गर्दी टळत नाहीच, फक्त ती स्टिअरिंगमागे बसून सोसता येते. महिन्यातून एकदा पौड-तिकोना किंवा पानशेतच्या पुढे जायला हा मार्ग उत्तम. दर रविवारी करू लागलात तर तिसऱ्या महिन्यात कंटाळाल. तुमच्या घरापासून पाऊण तासात सायकलवर झाडी लागते. बाणेर-बालेवाडीवाले यासाठी तुमचा हेवा करतील.

आता शेवटचा प्रश्न, एकट्याने की ग्रुपने. तीन-चार जण, यापेक्षा जास्त नको. तीस-तीस जणांचे व्हॉट्सअॅप ग्रुप असतात, त्यांच्यासोबत सुरुवातीला एक-दोनदा जायला हरकत नाही, पण अरुंद रस्त्यावर तीस सायकली म्हणजे मागे दहा गाड्यांचा रोष, आणि तो रोष पुढच्या एकट्या सायकलवाल्यावर निघतो. तिघं असलात तर सगळ्यात तरबेज माणूस शेवटी ठेवा, पुढे नाही. मागून येणारी गाडी तो ओरडून सांगतो आणि सगळ्यात कच्चा माणूस मध्ये राहतो. बोलायला शेजारी-शेजारी या, पण ‘मागून गाडी’ ऐकलं की एका ओळीत. एकटं जायचं असेल तर घरी लाइव्ह लोकेशन चालू ठेवा आणि वळायची वेळ सांगून निघा. कुठे चाललोय यापेक्षा कधी वळणार हे घरच्यांना माहीत असलेलं बरं. मी स्वतः एकटी असले तर कुडज्याच्या झाडीत पुरतं उजाडल्याशिवाय शिरत नाही.

येत्या रविवारी मोठं काही करू नका. कुडज्यापर्यंत जा, चहा प्या, सव्वासातला वळा, आणि शिवण्यात दहा मिनिटं गाड्या मोजा. आकडा सांगता आला तर वेळेत परतलात. मोजायचं सोडून द्यावं लागलं, तर पुढच्या वेळी पंधरा मिनिटं आधी वळा.